भाताचा गोळा आणि छपरावरचं ऊन



फ्रिजमध्ये ठेवलेला भात दुसऱ्या दिवशी कसा टणक होतो, हे घरोघरी ठाऊक आहे. जपानमधल्या सेव्हन-इलेव्हनच्या दुकानदारांनाही ते चांगलंच ठाऊक आहे. त्यांच्याकडे ओनिगिरी मिळते. म्हणजे भाताचा त्रिकोणी गोळा, आत मासा नाहीतर खारवलेलं आंबट फळ. वरून समुद्री शेवाळाचं कागदासारखं पान. ते भाताला लागून सादळू नये म्हणून मध्ये प्लास्टिकचा पापुद्रा असतो. पट्टी ओढली की पापुद्रा निघतो आणि पान कुरकुरीतच राहतं. हा गोळा सुमारे २० अंशांवर ठेवतात, कारण त्याहून फार गार केला तर भात कडक होतो. शेजारच्या कपाटात दूध थंडगार, पलीकडे आइस्क्रीम गोठलेलं आणि गल्ल्यापाशी काचेच्या पेटीत तळलेलं चिकन गरम. एवढ्याशा दुकानात चार ऋतू, आणि चारही विजेवर!

जपानमधलं सेव्हन-इलेव्हनचं पहिलं दुकान १९७४ साली तोक्योच्या तोयोसू भागात उघडलं. वेळ नावातच होती: सकाळी ७ ते रात्री ११. पुढच्याच वर्षी फुकुशिमा प्रांतातल्या कोरियामा इथल्या दुकानाने २४ तास दार उघडं ठेवलं, आणि तीच रीत पडली. आज अशी २१ हजारांवर दुकानं आहेत.

त्याच फुकुशिमात २०११च्या मार्चमध्ये त्सुनामीने अणुवीज केंद्र कोलमडलं. त्या उन्हाळ्यात तोक्यो परिसरातल्या मोठ्या ग्राहकांना विजेचा वापर १५ टक्के कमी करण्याचा हुकूम सुटला. मग २०१२च्या जुलैपासून सरकारने वीज कंपन्यांना सौर वीज ठरावीक, चांगल्या दराने विकत घ्यायला लावली. गावाकडची ही दुकानं बैठी, छप्पर सपाट, पुढ्यात मोटारींसाठी मोकळं अंगण. सौर पॅनेल चढवायला आणखी काय हवं? आज आठ हजारांवर दुकानांच्या छपरांवर पॅनेल आहेत.

शहरात मात्र पंचाईत. तिथे दुकान इमारतीच्या तळमजल्यावर, आणि गच्ची दुसऱ्याची. २०२१ साली अंधेरीत सेव्हन-इलेव्हनचं मुंबईतलं पहिलं दुकान उघडलं. गच्ची कुणाची, हा पेच मुंबईकराला वेगळा समजवायला नको. जपानमध्ये त्याच वर्षी सुमारे ४० दुकानांसाठी एनटीटी या दूरसंचार समूहाशी करार झाला. पॅनेल दूर मोकळ्या जागेत, वीज तारांमधून दुकानात.

राहता राहिली रात्र. मला विचाराल तर खरी अडचण तीच. २०१९ साली ओसाकाजवळच्या एका दुकानदाराने माणसं मिळत नाहीत म्हणून मध्यरात्रीनंतर कुलूप लावायला सुरुवात केली, तर केवढा गहजब झाला! सूर्याला मात्र रात्री बंद राहण्याची मुभा पहिल्यापासून आहे. पहाटे तीनला छपरावरचे पॅनेल नुसते काळे पत्रे असतात. खाली दिवे लखलखीत, आणि दाराशी टेम्पोतून ताज्या ओनिगिरीचे ट्रे उतरत असतात.