तीन पावले मागे
(गणेशोत्सव व्याख्यानमालेतील भाषण)



आम्ही सरकारी रुग्णालयातले एक्स-रेवाले. फिरते मशीन वॉर्डात नेले की दोन प्रकारचे नातेवाईक भेटतात. एक थेट जिन्यापर्यंत पळणारे, दुसरे पेशंटच्या उशाशी बसून ‘आम्हाला काही होत नाही’ म्हणणारे. दोघांनाही आम्ही सांगतो, पेशंटपासून दोन मीटर मागे व्हा. म्हणजे तीन पावले. वामनद्वादशी याच उत्सवात येते, तेव्हा तीन पावलांचे मोल आपल्याला नव्याने सांगायला नको!

किरण निघाले की पसरत जातात. अंतर दुप्पट केले तर मात्रा निम्मी नव्हे, चौथाई होते. चौपट केले तर सोळावा हिस्सा. समईच्या उजेडालाही हाच नियम. म्हणून पहिल्या तीन पावलांतच बहुतेक काम होते, जिना गाठायची गरज नाही. अंतर पेशंटपासून मोजायचे, कारण बाजूला उभे असणाऱ्यांकडे येतात ते मुख्यतः त्याच्या अंगावरून विखुरलेले किरण. बटण सोडले की किरण संपले. खोलीत काही उरत नाही, लगेच पेशंटजवळ या.

जिथे बटणच नसते, तिथले प्रकरण वेगळे. २०१० साली दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात विद्यापीठाच्या लिलावातले जुने यंत्र फोडले गेले. आत कोबाल्ट-६० होते. एकाचा जीव गेला. एकाने तर चकाकता तुकडा पाकिटात ठेवला होता. एक मीटर आणि एक सेंटीमीटर यांत मात्रेचा फरक दहा हजार पट! अनोळखी जड धातूचा तुकडा, त्यावर तीन पात्यांचे चिन्ह दिसले तर हात लावू नका, लांब व्हा आणि पोलिसांना कळवा.

आता लहान मुलांचे. रडणारे मूल कुणीतरी धरावेच लागते, तिथे तीन पावले चालत नाहीत. लोक रागावतात, ‘तुम्हीच का नाही धरत?’ अहो, एकदा धरणाऱ्याला ते नगण्य. आम्ही रोज धरले तर साठत जाते. छातीवरचा बिल्ला त्याचाच हिशोब ठेवतो. धरणाऱ्याला आम्ही शिशाचा एप्रन देतो आणि आईला हळूच विचारतो, ‘दिवस गेलेत का?’ सासरे शेजारी उभे असले की सून मान खाली घालते, बोलत नाही. मग आम्ही सासऱ्यांनाच म्हणतो, ‘काका, एप्रन तुम्ही घाला, नातवाला तुम्ही धरा.’