लोणारच्या पाण्यातले हिरवे अन्न

श्रोतेहो, बुलढाणा जिल्ह्यातले लोणारचे सरोवर तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. उल्का आदळून पडलेला हा सुमारे पावणेदोन किलोमीटर व्यासाचा खळगा. तळाशी खारे, सोड्याचे पाणी. ते हिरवे का दिसते, हे मात्र फार जण विचारीत नाहीत. (2020 साली ते गुलाबी झाले होते; ती करणी खाऱ्या पाण्यातल्या दुसऱ्याच सूक्ष्मजीवांची.)

ही हिरवी छटा मुख्यतः स्पिरुलिना नावाच्या सूक्ष्म जिवाची. सूक्ष्मदर्शकाखाली तो स्प्रिंगसारखा वळलेला धागा दिसतो. आफ्रिकेतल्या चाड सरोवराकाठच्या कानेंबू बायका हाच जीव पाण्यातून गाळून घेतात, वाळूवर वाळवतात, आणि त्याचे कालवण करून बाजरीसारख्या धान्याबरोबर खाऊ घालतात. म्हणजे शास्त्रज्ञांच्या आधी ही गोष्ट चुलीपाशी ठाऊक होती!

वाळवलेल्या स्पिरुलिनात शंभर ग्रॅममागे साठ ग्रॅमच्या आसपास प्रथिने असतात. तुरीच्या डाळीत बावीस. आकडे ऐकून कोणीही हुरळेल. पण जरा हिशेब करू या. ही भुकटी कोणी वाटीभर खात नाही, फार तर चमचाभर, म्हणजे पाच ग्रॅम. त्यातून प्रथिने मिळाली तीन ग्रॅम. तेवढी तर पंधरा ग्रॅम डाळीतही मिळतात, आणि तीही कितीतरी कमी पैशांत. तेव्हा मेळघाटातल्या किंवा आपल्या गावातल्या रोडावलेल्या पोराच्या ताटातले वरण काढून तिथे भुकटी ठेवा, असे कोणी सांगू लागले तर त्याचे ऐकू नका. वरणाच्या जोडीला ती दिली, तर तिच्यातले लोह आणि अ जीवनसत्त्व तयार करणारे द्रव्य उपयोगी पडू शकते.

तिची खरी कमाई जागेत आहे. पडीक जमिनीवर वीतभर खोल टाके, पाण्यात खायचा सोडा, थोडी क्षारखते, ऊन, आणि अधूनमधून ढवळणे. दाट झाले की कापडातून गाळायचे आणि वाळवायचे. तीस-पस्तीस अंश उष्णता तिला मानवते. आपला नागपुरी मे महिना मात्र सोसत नाही, टाक्यावर सावली करावीच लागते.

आता कोणी म्हणेल, लोणारहूनच घागरभर आणू. तसे करू नका, बरं का. एक तर ते अभयारण्य आहे. शिवाय उघड्या पाण्यात विषारी शेवाळे आणि जड धातूही असू शकतात. विकत घ्यायचीच असेल, तर या दोन्हींची तपासणी झाली आहे का, हे दुकानदाराला विचारा. आणि डब्यावर ब-12 जीवनसत्त्वाची जाहिरात असेल, तर तिच्यावर विसंबू नका: यातले बहुतेक ब-12 आपल्या शरीराला उपयोगी नसलेल्या प्रकारचे असते. ते दुधा-अंड्यांतूनच घ्यावे.