तीन पोपट, एक ढोली



खानदेशातील मुले प्रत्येक पोपटास ‘राघू’च म्हणतात. वस्तुतः या कुळातील तीन पक्षी सातपुड्याच्या परिसरात आढळतात. शेतशिवारात नित्य दिसणारा तो कीर. त्याच्या नरास काळी-गुलाबी कंठी असते. आकाराने मोठा, खांद्यावर तांबडा डाग असलेला तो करण. पिवळसर चोचीचा, जांभळट मस्तकाचा नर असलेला तो टोई.

तिघेही वृक्षाच्या ढोलीत अंडी घालतात. म्हणून जुना वृक्ष तुटला की त्यांचे घर मोडते. ढोलीतील पिल्लू काढून पिंजऱ्यात ठेवणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये गुन्हा आहे. हे मुलांस समजावून सांगावे. त्यांना जुन्या वृक्षापाशी न्यावे, दुरूनच पक्षी ओळखावयास लावावे. मुक्त पोपटाची ओळख झालेल्या मुलास पिंजऱ्याचा मोह उरणार नाही.