डोंगरी ओढ्यांची ओळख
(वार्षिक संमेलनातील भाषण)



आज मी आपल्यापुढे एक लहानसे गणित मांडणार आहे. आठवीच्या मुलाला ते सुटेल. पण घर कोठे बांधावे आणि शाळा कोठे उभारावी, या प्रश्नांशी त्याचा निकटचा संबंध आहे.

३० जुलै २०२४ च्या रात्री केरळातील वायनाड जिल्ह्यात मुंडक्कै व चूरलमला या वस्त्यांवर डोंगर कोसळला. दोन दिवसांत ५०० मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला होता. सुमारे १,५५० मीटर उंचीवर कडा सुटला आणि माती, झाडे व खडक यांचा लोंढा नदीच्या पात्रातून सुमारे ८ किलोमीटर गेला. अडीचशेहून अधिक माणसे प्राणास मुकली. नदीकाठच्या शाळेचीही मोडतोड झाली. रात्र असल्याने वर्ग रिकामे होते. त्याच्या बरोबर दहा वर्षे आधी, ३० जुलै २०१४ रोजी, आपल्या पुणे जिल्ह्यातील माळीण गाव असेच गाडले गेले होते.

प्रत्येक ओढ्याचा पूर सारखा नसतो. मोठ्या नदीत पाणी चढते आणि ओसरते. डोंगरातील आखूड, तीव्र उताराच्या ओढ्यात मात्र कधी कधी पाण्याहून गाळच अधिक असतो. ओल्या काँक्रीटसारखा तो दाट लोंढा घराएवढे धोंडेही वाहून नेतो. त्यापुढे पुराची साधी भिंत टिकत नाही.

असा ओढा आधी ओळखता येतो का? पुष्कळ अंशी येतो. ॲरिझोनातील डोंगरांचा अभ्यास करताना मेल्टन या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९६५ साली एक प्रमाण मांडले. पाणलोट क्षेत्राच्या सर्वांत उंच व सर्वांत सखल बिंदूंच्या उंचीतील फरक किलोमीटरमध्ये घ्यावा आणि क्षेत्रफळाच्या वर्गमुळाने त्याला भागावे. कॅनडातील संशोधकांना २००४ साली असे आढळले की उत्तर ०.३ च्या आत असेल तर बहुधा साधा पूर येतो, ०.३ ते ०.६ असेल तर गाळमिश्रित पूर, आणि ०.६ हून अधिक असून पाणलोटाची लांबी २.७ किलोमीटरहून कमी असेल, तर चिखल-दगडांचा लोंढा संभवतो.

उदाहरण घेऊ. क्षेत्रफळ १०० चौरस किलोमीटर, उंचीतील फरक १.५ किलोमीटर: १.५ भागिले १० म्हणजे ०.१५. दुसरा ओढा १ चौरस किलोमीटरचा, फरक ०.८ किलोमीटर: उत्तर ०.८. उन्हाळ्यात कोरडा दिसणारा हा दुसरा ओढाच अधिक घातक!

मात्र हे आकडे कॅनडातील डोंगरांवरून आले आहेत. आपल्याकडे ते केवळ पहिली चाळणी म्हणून वापरावेत. आकडा धोक्याचा प्रकार सुचवतो, दिवस सांगत नाही. लहान आकडा म्हणजे अभयही नव्हे. २०२१ च्या जुलैत वाशिष्ठीच्या पुराने चिपळूण बुडालेच.

म्हणून चाळणीनंतर जागेवर जावे. ओढा डोंगरातून बाहेर पडतो तेथे पंख्याच्या आकाराची उंचवट्याची जमीन असते. ती कोरडी व सोयीची वाटते, म्हणून लोक तेथेच घरे बांधतात. पण ती जमीन जुन्या लोंढ्यांनीच रचलेली असते. विहिरीच्या वा पायाच्या खोदाईत लहानमोठे धोंडे चिखलात एकत्र कालवलेले दिसले, तर तो इशारा समजावा. वाहत्या पाण्याने आणलेला गाळ थराथराने बसतो.

विद्यार्थी मित्रांनो, सर्व्हे ऑफ इंडियाच्या १:५०,००० प्रमाणाच्या नकाशात समोच्च रेषा सहसा २० मीटरच्या अंतराने असतात. आपल्या गावचा प्रत्येक ओढा त्यावर आखा, चौकटी मोजून क्षेत्रफळ काढा, आणि वडीलधाऱ्यांना जुन्या दरडींच्या जागा विचारा. वायनाडमधील त्याच जागी आधीच्या दरडीची खूण उपग्रहाच्या चित्रांत नोंदली गेली होती.

पालकहो, आयुष्याची कमाई घालून आपण घर बांधता. जमिनीचा सातबारा पाहता, तसा वरचा ओढाही पाहा. मुसळधार पावसात ओढ्याचे पाणी एकाएकी गढूळ झाले, आटले किंवा वरून घरघर ऐकू आली, तर सामानासाठी थांबू नका. ओढ्याच्या दिशेने न धावता बाजूच्या उंचीवर जा. मुलांना हे आजच सांगून ठेवा.