हाताची परीक्षा : व्हिडिओ गेमच्या कंट्रोलरविषयी

रायपूरच्या पंडरी भागातील कापडबाजारात मुरलेले गिऱ्हाईक ताग्यावर चिकटविलेली चिठ्ठी वाचत बसत नाही. ते कापडाचे टोक अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये धरते, एकदा चोळते आणि मान हलविते. सुताचा पीळ कसा आहे, खळ किती चढविली आहे, हे डोळ्यांना मागाहून कळते. बोटांना ते आधीच कळलेले असते. आजच्या व्याख्यानाचा विषय तसा पोरकट वाटण्याजोगा आहे. व्हिडिओ गेम खेळताना मुले जी वस्तू हातात धरतात, जिला इंग्रजीत कंट्रोलर आणि घरोघरच्या बोलीत ‘रिमोट’ किंवा ‘जॉयस्टिक’ म्हणतात, तिच्यातील उत्तम कोणती व अधम कोणती, एवढाच प्रश्न येथे विचारावयाचा आहे. परंतु त्याचे उत्तरही चिठ्ठी वाचून मिळत नाही. ते बोटांनाच विचारावे लागते.

पेटी वाजविणारा पट्ट्यांकडे पाहत नाही. सायकल चालविणाऱ्याला पायटा कोठे आहे हे शोधावे लागत नाही. साधन अंगवळणी पडले म्हणजे माणसाला त्याचा विसर पडतो, आणि हा विसर जितका लवकर पडेल तितके साधन चांगले. कंट्रोलरची पारख करण्यास याहून वेगळी कसोटी नको. मात्र या कसोटीत एक प्रश्न दडलेला आहे आणि तो फार उशिरा विचारला गेला : विसर पडावयाचा तो कोणाच्या हाताला?

प्रारंभी हा प्रश्न उद्भवण्याचे कारणच नव्हते. १९५८ साली अमेरिकेतील ब्रुकहेवन राष्ट्रीय प्रयोगशाळेत विल्यम हिगिनबॉथम या भौतिकशास्त्रज्ञाने प्रयोगशाळा पाहावयास येणाऱ्या लोकांच्या करमणुकीसाठी ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर टेनिसचा खेळ मांडला. प्रत्येक खेळाडूच्या हाती एक लहानशी पेटी असे. तिच्यावरील गोल खुंटी फिरवून चेंडूची दिशा ठरवावयाची आणि बटण दाबून तो टोलवावयाचा. पुढे १९६२ साली मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेतील काही तरुणांनी ‘स्पेसवॉर’ हा खेळ रचला. तो आरंभी संगणकाच्या तोंडावरील खटके वरखाली करून खेळावा लागे. खटके यंत्राची तपासणी करण्यासाठी बसविलेले. खेळणाऱ्याची कोपरे थोड्याच वेळात भरून येत. शिवाय पडदा एका बाजूस असल्यामुळे दोघांपैकी एकाला तो अधिक सोयीने दिसे. तेव्हा ॲलन कोटोक आणि बॉब सॉन्डर्स या दोघांनी वेगळ्या पेट्या तयार केल्या. म्हणजे या वस्तूचा एक पूर्वज तरी दुखऱ्या कोपरांच्या पोटी जन्मला, असे म्हणावयास हरकत नाही.

१९७२ मध्ये घरच्या दूरदर्शन संचाला जोडावयाचा ‘ओडिसी’ हा पहिला खेळसंच बाजारात आला, आणि त्याच वर्षी अटारी कंपनीचा ‘पाँग’ आला. दोहोंत खुंट्याच होत्या. १९७७ साली अटारीने आपल्या नव्या संचाबरोबर काळी दांडी आणि एक तांबडे बटण असलेली जॉयस्टिक दिली. तिच्यात शिकण्यासारखे काहीच नव्हते, आणि हेच तिचे मोठेपण. दांडी जिकडे कलेल तिकडे पडद्यावरील विमान जाते, हे आजोबांनाही सांगावे लागत नसे. परंतु ते एकमेव बटण पेटीच्या डाव्या कोपऱ्यात होते. डाव्या हाताने पेटी धरावी, डाव्या अंगठ्याने बटण दाबावे आणि उजव्या हाताने दांडी हलवावी, अशी ती योजना. डावखुऱ्या मुलाची पंचाईत होई, आणि मुकाट्याने उलट्या हाताने खेळावयास शिकण्यावाचून त्याला गत्यंतर नसे.

यानंतर कारखानदारांना आकड्यांचा सोस लागला. १९८० च्या सुमारास मॅटेल कंपनीने ‘इंटेलिव्हिजन’ संचाच्या कंट्रोलरवर टेलिफोनसारखी बारा बटणे बसविली, दोन्ही बाजूंस आणखी बटणे दिली, आणि दांडीऐवजी सोळा दिशा ओळखणारी सपाट चकती ठेवली. प्रत्येक खेळाबरोबर एक छापील पत्रिका येई. ती बारा बटणांवर सरकवून कोणते बटण कशासाठी आहे ते वाचावयाचे. खेळताना वाचावयाचे! नजर पडद्यावर ठेवावी की हातातल्या पत्रिकेवर, हे खेळाडूने ठरवावे. सोळा दिशांचे म्हणाल तर अंगठ्याला त्यांतील आठसुद्धा नीट वेगळ्या काढता येत नाहीत.

पण अधमांत अधम निवडावयाचा झाला तर तो मान अटारीच्याच १९८२ सालच्या ‘५२००’ या संचाच्या कंट्रोलरला द्यावा लागेल. त्याची दांडी सोडून दिली असता मध्यभागी परत येत नसे. वाचताना हा दोष क्षुल्लक वाटतो. प्रत्यक्षात हात सुटला तरी पडद्यावरचे पात्र चालतच राही. थांबविण्यासाठी दांडी बेताने मधोमध आणून ठेवावी लागे, आणि मध्य कोठे आहे हे पाहण्यासाठी हाताकडे पाहावे लागे. भरीला आतील लवचीक तारपट्ट्या लवकर निकामी होत. ज्या कारखान्याने पाचच वर्षांपूर्वी बिनबोभाट चालणारी दांडी दिली होती त्यानेच हे करावे, याचे आश्चर्य वाटते. कारण बहुधा असे की, पहिली जॉयस्टिक हातासाठी केली होती आणि दुसरी प्रतिस्पर्ध्यासाठी.

त्याच १९८२ साली जपानमध्ये क्योटो शहरी या प्रश्नाचे उत्तर सापडले, आणि ते अगदी स्वस्तातले होते. निन्तेन्दो ही कंपनी १८८९ पासून हानाफुदा नावाचे पत्ते छापीत असे. गुनपेई योकोई हा तरुण १९६५ मध्ये त्या कारखान्यातील यंत्रांची देखभाल करण्यासाठी नोकरीस लागला. फावल्या वेळात त्याने केलेला एक लांबणारा चिमटा मालकाच्या दृष्टीस पडला, तो खेळणे म्हणून १९६६ मध्ये विक्रीस आला, आणि योकोईचे काम बदलले. जुने, स्वस्त, पुरते माहीत झालेले तंत्र घ्यावे आणि ते नव्या जागी वापरावे, असे त्याचे मत होते. खिशात मावणाऱ्या एका खेळासाठी त्याला जॉयस्टिक हवी होती, पण उभी दांडी खिशात कशी मावणार? तेव्हा त्याने दांडीच काढून टाकली व अधिकचिन्हाच्या आकाराची एक सपाट कळ बसविली.

या कळेची रचना समजून घेण्यासारखी आहे. वरून ती अखंड दिसते. खाली चार टोकांशी रबराचे चार लहान घुमट असतात व प्रत्येकाच्या पोटाला कार्बनचा ठिपका असतो. टोक दाबले की घुमट चेपतो, ठिपका पाटीवरील तारेला टेकतो आणि मंडल पूर्ण होते. बोट उचलले की रबर आपोआप वर येते. दांडी मध्यावर आणण्याचा प्रश्नच उरत नाही. कळेच्या मधोमध खाली एक टेकू असल्यामुळे ती तराजूसारखी झुकते : उजवे टोक खाली गेले की डावे वर राहते, म्हणून परस्परविरुद्ध दोन दिशा एकाच वेळी दाबल्या जात नाहीत. आणि चार भुजांच्या कडा अंगठ्याला लागत असल्यामुळे तो कोठे टेकला आहे हे पाहावे लागत नाही. कापड चोळणाऱ्या अंगठ्याला जे कळते त्याच जातीचे हे कळणे आहे. १९८३ च्या जुलै महिन्यात निन्तेन्दोने आपल्या ‘फॅमिकॉम’ या घरगुती संचात हीच कळ वापरली. त्याची पहिली बटणे चौकोनी व मऊ रबराची होती. ती खाचेत अडकू लागली, तेव्हा कंपनीने ती बदलून गोल आणि टणक केली.

भारतात हा संच पुष्कळ ठिकाणी पोहोचला तो नकलांच्या रूपाने. १९९० नंतर नागपूर असो वा रायपूर, मध्यमवर्गीय घरांत उन्हाळ्याच्या सुटीत जो ‘व्हिडिओ गेम’ आला तो बहुधा फॅमिकॉमची नक्कल असे. नकलेचे प्लास्टिक हलके आणि कडा धारदार. दोन तास खेळल्यावर अंगठ्याच्या पेराला लाल वळ उठे. मूळ फॅमिकॉमच्या दुसऱ्या कंट्रोलरवर खेळ सुरू करण्याचे बटण नव्हते, आणि कित्येक नकलांनी हे वैगुण्यही इमानाने उचलले. त्यामुळे घराघरांत एक श्रेणी निर्माण झाली : पहिला रिमोट थोरल्याचा, दुसरा धाकट्याचा. खेळ केव्हा सुरू व्हावा हे धाकट्याच्या हाती कधीच नसे. परंतु योकोईची कळ नकलेतही बरीचशी शाबूत राहिली, आणि ती बिघडली तर दुरुस्त होई. पाठीचे स्क्रू काढावेत, तारपाटी खोडरबराने पुसावी, झिजलेल्या कार्बनच्या ठिपक्यावर पेन्सिलीचे शिसे घासावे. रिमोट आणखी काही दिवस चाले. उत्तम रचनेची ही एक खूण मानावयास हवी की, ती स्वस्त प्लास्टिकमध्ये उतरवली तरी पुरती मरत नाही.

पुढील दोन दशकांचा वृत्तान्त थोडक्यात सांगता येईल. १९९० च्या ‘सुपर फॅमिकॉम’ने कोपरे गोल केले आणि तर्जनीसाठी वरच्या कडेला बटणे दिली. १९९६ च्या ‘निन्तेन्दो ६४’ने अंगठ्याने हलवावयाची लहान दांडी रुळविली, हळू ढकलली तर पात्र चाले, जोराने ढकलली तर धावे. मात्र तिचे बूड प्लास्टिकच्या वाटीत घासून पांढरी भुकटी पडे. एका खेळात ती दांडी गरागरा फिरवावी लागे, आणि मुले ती तळहाताने फिरवीत. तळहातांना फोड आले, तक्रारी न्यूयॉर्क राज्याच्या महान्यायवाद्यापर्यंत गेल्या, आणि २००० साली निन्तेन्दोने खेळाडूंना हातमोजे पुरविण्याचे मान्य केले. अमेरिकन बाजारात २००१ मध्ये आलेला ‘एक्सबॉक्स’चा पहिला कंट्रोलर इतका आडमाप होता की, जपानसाठी लहान आकाराचा वेगळा काढावा लागला.

सोनीच्या ‘प्लेस्टेशन’च्या कंट्रोलरने १९९७ मध्ये दोन दांड्या आणि थरथरणारी मोटर एकत्र आणली, आज दिसणारे बहुतेक कंट्रोलर त्याच घाटाचे आहेत. त्यावरील चिन्हांविषयी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. १९९४ च्या मूळ आराखड्यात तेइयू गोतो या रचनाकाराने अक्षरांऐवजी वर्तुळ, फुली, त्रिकोण व चौकोन योजले. जपानी शाळेत वर्तुळ म्हणजे बरोबर आणि फुली म्हणजे चूक. म्हणून जपानात ‘होय’साठी वर्तुळ दाबीत. पाश्चात्त्य देशांत हे उलटे झाले व फुली म्हणजे ‘होय’ ठरली. मराठी शाळेतल्या मुलालाही फुली म्हणजे चूक हेच ठाऊक. वर्तुळ मात्र त्याला भोपळ्याची आठवण करून देते. तरीही मुले फुली दाबून ‘होय’ म्हणावयास शिकली, आणि २०२० पासून जपानी मुलांनाही तसेच शिकावे लागले.

आता थोडे मागे, १९८९ सालाकडे वळावयाचे आहे. कारण आरंभी ज्या प्रश्नाचा उल्लेख केला तो त्या वर्षी दोन परस्परविरुद्ध रूपांनी पुढे आला. मॅटेल कंपनीने अमेरिकेत ‘पॉवर ग्लव्ह’ नावाचा हातमोजा विकावयास काढला. किंमत सुमारे ७५ डॉलर. दूरदर्शन संचाभोवती ध्वनिग्राहकांची चौकट बसवावयाची. मोज्यातून कानाला न ऐकू येणाऱ्या लहरी निघत आणि त्यांवरून हात कोठे आहे हे यंत्र ताडी. बोटांच्या वळण्याची नोंद वाहक शाईच्या पट्ट्या घेत. कल्पना खोटी नव्हती. तिचे मूळ संशोधनासाठी तयार केलेल्या एका महागड्या मोज्यात होते. पण स्वस्त केल्यावर नेम चुकू लागला, आणि हात सतत हवेत धरून ठेवल्यामुळे खांदा अवघडू लागला. मोजा फक्त उजव्या हाताचा निघाला. खास त्याच्यासाठी म्हणून दोनच खेळ बाजारात आले. त्याच वर्षीच्या एका चित्रपटात तो मोठ्या थाटात मिरविला होता, हे लक्षात घेतले म्हणजे तो हातासाठी होता की डोळ्यांसाठी याचा उलगडा होतो.

त्याच १९८९ साली निन्तेन्दोच्या अमेरिकन शाखेने सिॲटल येथील एका बालरुग्णालयाच्या साहाय्याने दुसरी एक वस्तू तयार केली. ती चित्रपटात आली नाही, दुकानांतही आली नाही. कंपनीकडे थेट मागणी नोंदवावी लागे. ती छातीवर बांधावयाची असे. वर हनुवटीजवळ एक दांडी आणि तोंडाशी एक नळी. दांडी हनुवटीने हलविली की पात्र चाले; नळीत फुंकर मारली की एक बटण दाबले जाई, श्वास ओढला की दुसरे. ज्या मुलांचे हात हलत नव्हते त्यांच्यासाठी हा कंट्रोलर होता. उत्तम कंट्रोलरांच्या याद्या होतात त्यांत तो क्वचितच दिसतो. अधम यादीत मोजा मात्र हमखास असतो.

अधम म्हणजे केवळ मोडके किंवा हास्यास्पद नव्हे. अटारीच्या दांडीने डावखुऱ्याला, आडमाप एक्सबॉक्सने लहान पंजाला आणि नकलेच्या दुसऱ्या रिमोटने धाकट्याला जे केले, त्यात एकच चूक आहे : एक हात मनाशी कल्पिला आणि तो सर्वांचा मानला. योकोईची कळ यातून निसटली ती बव्हंशी साधेपणामुळे. एका अंगठ्यापलीकडे ती काही मागत नाही. पण तो अंगठा तरी हवाच.

मायक्रोसॉफ्टने २०१८ साली ‘एक्सबॉक्स अडॅप्टिव्ह कंट्रोलर’ विक्रीस आणला. अपंग खेळाडूंच्या संस्थांचा सल्ला त्याच्या घडणीत घेतला होता. दिसावयास ती एक सपाट पांढरी पाटी. वर पंजाएवढी दोन काळी बटणे. ती मुठीने, कोपराने, पायाने, कशानेही दाबता येतात. मागच्या कडेला एकोणीस लहान छिद्रे एका रांगेत, आणि बाजूंना आणखी दोन जोडण्या. जवळजवळ प्रत्येक छिद्र म्हणजे नेहमीच्या कंट्रोलरचे एक बटण. ज्याला जे जमेल ते त्याने तेथे जोडावे : पायाखालची पट्टी, गालाजवळचा खटका, तोंडाने ओढावयाची नळी. छिद्रांची माळ बोटाने चाचपून ओळखता यावी म्हणून वरच्या कडेला प्रत्येकासमोर खाच ठेवली आहे. विक्रीस आला तेव्हाची १०० डॉलर ही किंमत भारतीय घराला जड होती, आणि जोडावयाचे खटके वेगळे घ्यावे लागतात.

रचनाकारांनी चौकशी केली तेव्हा त्यांना समजले की, अनेक अपंग गिऱ्हाइके नवीन वस्तूची खोकी दातांनी उघडतात. म्हणून या कंट्रोलरच्या खोक्याला गुंडाळी, चिकटपट्टी असे काही ठेवले नाही. फितीला मोठा फास ठेवला आहे. त्यात मनगट अडकवावे, किंवा कोपर, आणि ओढावे, झाकण उघडते.