नागपुरात बघायला काय आहे? दोन दिवसांचा माझा रूट

आजचा भाग एका प्रश्नावर आहे, जो मला ऑफिसमध्ये दर महिन्याला कोणी ना कोणी विचारतंच. "नागपूरला येतोय रे, बघायला काय आहे?" विचारणारे बहुतेक पुण्या-मुंबईचे, नाहीतर बंगळूरचे. मिहानला मीटिंग असते किंवा कोणाचं लग्न असतं, आणि मध्ये शनिवार-रविवार रिकामा सापडतो. यातल्या निम्म्या लोकांनी उत्तर आधीच ठरवलेलं असतं, की संत्री आणि ऊन सोडलं तर इथे काही नाही.

त्यांचं एक वेळ समजू शकतो. मला जास्त लागतं ते आपल्याच पोरांचं बोलणं. इथेच वाढले, इथेच बीटेक केलं, नोकरीला बाहेर गेले, आणि रूममेटला सांगतात, "काही नाही बे तिकडे, फुटाळ्यावर कणीस खा आणि ताडोबाला निघ."

मोबाईलवर शोधलं तर यादी मिळते. फुटाळा, अंबाझरी, महाराजबाग, एखादा मॉल, आणि खाली कुठेतरी दीक्षाभूमी, शेजारी लिहिलेलं "सुंदर वास्तुकला". माझं भांडण या क्रमाशी आहे. म्हणून मी पाहुण्याला पहिल्या सकाळी, चहा-पोहे झाले की, सरळ दीक्षाभूमीवर नेतो. मेट्रोने राहाटे कॉलनीला उतरा, पुढे ऑटो घ्या.

स्तूप मोठा आहेच. सांचीच्या धर्तीवरचा, आतून पोकळ, उंची 120 फूट. 18 डिसेंबर 2001 ला राष्ट्रपती के. आर. नारायणन यांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. पण लक्षात घ्या, जे घडलं ते घडलं तेव्हा इथे स्तूप नव्हता, मोकळं मैदान होतं. 14 ऑक्टोबर 1956, अशोक विजयादशमी. बाबासाहेब सीताबर्डीच्या श्याम हॉटेलात उतरले होते. सकाळी या मैदानावर त्यांनी कुशीनगरच्या चंद्रमणी महास्थविरांकडून बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, आणि मग समोर जमलेल्या लाखो लोकांना स्वतः दीक्षा दिली, 22 प्रतिज्ञांसकट. दुसऱ्या दिवशीच्या भाषणात त्यांनी नागपूरच का निवडलं तेही सांगितलं. संघाचं मुख्यालय इथे आहे म्हणून हे शहर निवडलं, अशी चर्चा होती. ते नाकारून त्यांनी नाग लोकांचा इतिहास पुढे ठेवला. बौद्ध धम्म पसरवणारे ते नाग लोक, आणि शहरातून वाहणारी ती नाग नदी. 16 तारखेला चंद्रपूरला आणखी एक दीक्षा सोहळा झाला. आणि 6 डिसेंबरला बाबासाहेब गेले. म्हणजे मध्ये दोन महिनेसुद्धा नव्हते.

हे माहीत नसेल तर तुम्ही एक छान पांढरा घुमट बघून, सेल्फी काढून वीस मिनिटांत बाहेर पडाल. माहीत असेल तर आत बाबासाहेबांच्या अस्थिकलशासमोर हात जोडून उभी असलेली एखादी आजी दिसेल, आणि तुम्ही आपोआप फोन खिशात ठेवाल. आवारातला बोधिवृक्षही बघा. श्रीलंकेतल्या अनुराधापूरच्या वृक्षाची फांदी भदंत आनंद कौसल्यायन यांनी आणली होती, तिचं हे झाड.

दसऱ्याला आलात तर गर्दी होईल, पायी चालावं लागेल, तरी या. लोक गावोगावहून येतात, रात्री तिथेच पथारी टाकतात आणि परत जाताना पुस्तकं घेऊन जातात. पुस्तकांच्या स्टॉलवर धक्काबुक्की होते असा मेळावा मी दुसरा पाहिलेला नाही.

2024 च्या जुलैमध्ये इथे भूमिगत पार्किंगच्या कामावरून लोक भडकले होते. खोदकामाने स्तूपाला धोका होईल ही भीती होती, आणि सरकारला काम थांबवावं लागलं. तेव्हा माझे काही मित्र म्हणाले, "अरे, सोय होत होती ना पाहुण्यांची." मला हे पटत नाही. ज्यांच्या आजोबांनी इथे उभं राहून दीक्षा घेतली, ते इथे पाहुणे नाहीत. पाहुणे आपण, त्या मंडळींनी या जागेचं काय करायचं ते ठरवावं, आपण गाडी लांब लावून चालत यावं.

दुपारी झिरो माईल. त्याच नावाचं मेट्रो स्टेशन आहे. दगडी खांब, चार घोडे, आणि दगडावर हैदराबाद, रायपूर, जबलपूर, चांदा अशी गावं आणि त्यांची मैलांतली अंतरं. प्रत्येक नागपूरकर छाती फुगवून सांगतो की हा भारताचा केंद्रबिंदू. आता मी कोड लिहून पोट भरणारा माणूस, मला ओरिजिन पॉइंट म्हटलं की तपासावंसं वाटतं. केंद्रबिंदू म्हणून मध्य प्रदेशातलं करौंदी गावही दाखवतात. आणि हा खांब ज्या काळातला, म्हणजे 1907 सालचा, तेव्हाचा भारत आजच्या नकाशातला नव्हताच. हा दगड उभा केला तो ब्रिटिशांच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा बेंचमार्क म्हणून. आमच्या फील्डमध्ये बेंचमार्क शब्द दिवसातून दहा वेळा वापरतात, त्याचा मूळ अवतार बघायचा तर इथे या.

मला या सर्वेक्षणाची गोष्ट त्या केंद्रबिंदूपेक्षा भारी वाटते. ते सुरू करणारा विल्यम लॅम्बटन 1823 मध्ये नागपूरकडे येत असताना हिंगणघाटला वारला. त्याची कबर तिथेच आहे, वर्धा जिल्ह्यात. त्याच्या जागी आला जॉर्ज एव्हरेस्ट. हो, तोच, शिखरवाला! सगळ्या जगाला दुसऱ्याचं नाव पाठ आहे, आणि पहिला आपल्याजवळ शांत झोपलाय.

तिथून अजब बंगला जवळ आहे. 1863 चं संग्रहालय. शिलालेख, नाणी, गोंडांच्या वस्तू, सगळं आहे, तासभर द्या. सीताबर्डीचा किल्लाही समोरच्या टेकडीवर दिसतो, पण तो लष्कराच्या ताब्यात आहे, 26 जानेवारी आणि 15 ऑगस्टला सामान्य लोकांसाठी उघडतात. नोव्हेंबर 1817 मध्ये इथेच आप्पासाहेब भोसल्यांचं सैन्य इंग्रजांकडून हरलं, आणि किल्ला त्यानंतर इंग्रजांनी बांधला. गाईड कधीकधी तो भोसल्यांचा म्हणून खपवतात, हसून सोडून द्या.

दुसरा दिवस मात्र जुन्या शहराला द्या. हा भाग यादीवाल्यांना माहीतच नाही. अॅक्वा लाईनने चितार ओळी चौकात उतरा. चितार म्हणजे चित्रं-मूर्ती करणारे लोक. गणपतीच्या आधी आलात तर दोन्ही बाजूंना ओली माती, सांगाडे, अर्ध्या रंगवलेल्या मूर्ती. पुढे इतवारी, महाल, गांधी गेट. वाड्यांचे दरवाजे बघत चाला, पण खालीही बघा, गल्लीत स्कूटर कुठून येईल नेम नाही. गोंड राजा बख्त बुलंद शाहाने हे शहर वसवलं, पुढे रघूजी भोसल्यांनी इथे राजधानी केली. तो काळ चालताना जाणवतो तो याच भागात.

आणि शक्य असेल तर सुट्टी अशी टाका की तान्हा पोळा सापडेल, म्हणजे पोळ्याचा दुसरा दिवस. त्या दिवशी मारबत निघते. काळी मारबत 1881 पासून, पिवळी 1885 पासून. मोठमोठे पुतळे खांद्यावर घेऊन मिरवणूक, सगळी रोगराई, इडापीडा घेऊन जा म्हणून गजर, आणि शेवटी दहन. काळी मारबत बाकाबाई भोसल्यांनी इंग्रजांशी हातमिळवणी केली त्याच्या रागातून आली, असं सांगतात. सोबत निघतात बडगे. महागाई, भ्रष्टाचार, खड्डे, ज्याचा त्या वर्षी लोकांना राग आला असेल त्याचा पुतळा. मीम हा प्रकार आमच्या इतवारीत मोबाईलच्या शंभर वर्षं आधी चालू होता, एवढंच सांगतो.

खायचं म्हणाल तर सकाळी तर्री पोहे. हरभऱ्याची झणझणीत तर्री पोह्यांवर ओतूनच खायची, वेगळी वाटी मागू नका. जेवायला सावजी, हलबा कोष्टी विणकरांच्या घरातून आलेला रस्सा. तिखट कमी करा असं सांगून काही होत नाही. आणि कोणी "सांबारवडी घ्या" म्हटलं तर इडलीवाला सांबार शोधू नका, आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात.

संध्याकाळी फुटाळ्यावर जा की, मी कुठे नको म्हणतोय! कणीसही खा. वर्धा रोडचा डबल डेकर पूलही बघा, खाली रस्ता, मध्ये उड्डाणपूल, वर मेट्रो. तिसरा दिवस असेल तर पन्नासेक किलोमीटरवर रामटेक. गडावर संध्याकाळी जा. मेघदूतातला रामगिरी तो हाच, असं मानतात.

बाकी, मे महिन्यात येऊ नका. पंचेचाळीसच्या वर पारा असताना कुठलाच स्तूप, कुठलाच वाडा दिसत नाही, फक्त उसाचा रस दिसतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. आणि इतवारी-महालातले कोणी ऐकत असाल तर यंदा तुमच्या गल्लीत कशाचा बडगा निघाला होता ते व्हॉइस नोट करून पाठवा, पुढच्या भागात लावतो.