ऑस्तॉल

हंगेरियन भाषेत मेजाला 'ऑस्तॉल' म्हणतात. शब्द इतका घरगुती, की तो परक्याचा असेल अशी शंकाही येऊ नये. परंतु तो मुळात हंगेरीचा नव्हे.

इ. स. ८९५च्या सुमारास मॉज्यार टोळ्या पूर्वेकडील गवताळ मैदानांतून कार्पेथियन पर्वताच्या कुशीत उतरल्या. तेथे आधीपासून स्लाव शेतकरी नांदत होते. त्यांचा शब्द होता 'स्तोल'. जुन्या स्लाव भाषेत त्याचा अर्थ आसन, सिंहासन असा होता. आज रशियन माणूस स्तोल म्हणतो तो मेजाला, बल्गेरियन माणूस खुर्चीला! मॉज्यारांनी मेज हाच अर्थ उचलला.

मात्र शब्दारंभीचे जोडव्यंजन त्यांच्या जिभेला सोसेना. म्हणून आधी एक स्वर आला आणि 'स्तोल'चा 'ऑस्तॉल' झाला. याच रीतीने लॅटिन 'स्कोला'ची 'इश्कोलॉ', म्हणजे शाळा, झाली आणि स्टीफनचा 'इश्तवान' झाला. आपल्याकडे खेड्यातला माणूस स्टेशनला 'इस्टेशन' आणि स्टुलाला 'इस्टूल' म्हणतो, तेव्हा शहरी मंडळी हसतात. हंगेरीत त्याच खोडीने घडलेले नाव पहिल्या राजाने मिरविले.

मेजाबरोबर मेजावरचेही पुष्कळ आले. दुपारचे जेवण 'एबेद', रात्रीचे 'वॉचोरॉ', मेजावर अंथरावयाचे वस्त्र 'ऑब्रोस': सारे स्लाव शेजाऱ्यांकडचे. यावरून घोड्यावर वावरणाऱ्या या लोकांना मेज ठाऊकच नव्हते, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तो घाईचा आहे. मराठीने 'खुर्ची' हा शब्द अरबी 'कुर्सी'वरून घेतला, म्हणून त्यापूर्वी मराठी माणूस उभाच राहत होता असे कोणी म्हणत नाही. उसना शब्द शेजार सिद्ध करतो, दारिद्र्य नव्हे. घर, पाणी, मासा यांचे हंगेरियन शब्द मात्र खास घरचे आहेत. दूरच्या फिनिश भाषेतील शब्दांशी त्यांचे नाते जुळते.

आणि या पाहुण्या शब्दाला हंगेरियनने आपला प्रत्ययही जोडला. 'ऑस्तॉलोश', म्हणजे अक्षरशः 'मेजवाला', हे सुताराचे नाव झाले. आज ते तेथे अनेक घराण्यांचे आडनावही आहे.